तेरा संगणक, बावन्न मुलं, आठवड्याला एक तासिका: आठवी-नववीला काय शिकवावं?

तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित शाळेतल्या गणित-विज्ञानाच्या शिक्षिकेने विचारलं आहे: या वर्षीपासून संगणक कक्ष माझ्याकडे आला आहे. तेरा संगणक चालू आहेत, वर्गात बावन्न मुलं आणि आठवड्याला एकच तासिका. मुख्याध्यापकांच्या मते वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट पक्कं करून घ्यावं. पालक कोडिंग आणि एआयचा आग्रह धरतात. माझं स्वतःचं शिक्षण संगणकातलं नाही. आठवी-नववीला नेमकं काय घेऊ, कुठल्या क्रमाने?

मॅडम, पदवीची काळजी आधी सोडा. तुम्ही गणित-विज्ञान शिकवता ही या कामात जमेची बाजू आहे, कारण पडताळा घेण्याची सवय तुम्हाला आहेच. आणि माझ्या मते शाळेतल्या संगणक तासाचा गाभा तोच आहे: मशीनने दिलेलं उत्तर बरोबर की चूक, हे मुलाला स्वतः ठरवता आलं पाहिजे. बटणं, मेनू, शॉर्टकट मुलं बघून बघून शिकतात, आणि पुढच्या आवृत्तीत ते बदलतातही. उत्तरावर शंका घेणं मात्र कुणीतरी शिकवावं लागतं. वर्षाला तुमच्या हाताशी तीसेक तासिका येतील, त्यातल्याही काही गॅदरिंग आणि परीक्षांमध्ये जातील. तेव्हा जे काही घ्याल ते या कसोटीवर घासून घ्या.

आधी बसण्याची व्यवस्था. बावन्न मुलं एकदम कक्षात नेऊ नका. निम्मी मशीनवर, निम्मी शेजारच्या वर्गात किंवा कक्षातच मागच्या बाकांवर कागदावर, आणि पुढच्या आठवड्यात अदलाबदल. म्हणजे एका मशीनवर दोघं. दोघांत एकाच्या हाती माउस आणि कीबोर्ड, दुसऱ्याने नुसतं सांगायचं, हात लावायचा नाही. तासिकेच्या मध्यावर टाळी वाजवा आणि खुर्च्या बदलायला लावा. हा नियम काटेकोर पाळा. मुलगा-मुलगी अशी जोडी असेल तर बहुतेक वेळा माउस मुलाकडे जातो आणि वर्षभर तिथेच राहतो. ती मुलगी वहीत सगळं नीटनेटकं लिहून घेते, पण हात मात्र कोराच राहतो. मला या कामात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच, आणि उपाय फक्त टाळीचा आहे.

कागदावरच्या निम्म्या वर्गाला रिकामं बसवायचं नाही. छोटासा प्रोग्रॅम किंवा शीट छापून द्या आणि विचारा: हे चालवलं तर काय दिसेल? उत्तर पेनाने लिहायचं, खोडायचं नाही. पुढच्या आठवड्यात तेच मशीनवर चालवून ताडून बघायचं. अंदाज आधी, मशीन नंतर. हा क्रम एकदा अंगवळणी पडला की तेरा मशीनची अडचण बरीचशी हलकी होते.

आता सुरुवात कशाने करायची? मी म्हणेन, स्प्रेडशीटने. मुख्याध्यापकांचाही मान राहतो. पण 'एक्सेलची ओळख' असा धडा नको. तुमच्याकडे डेअरीला दूध घालणारी घरं असतील. मुलांना दहा दिवसांच्या दुधाच्या पावत्या आणायला सांगा. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम हे सगळं त्या चिठ्ठीवर असतं, आणि ते आपल्या घरच्या पैशाचं असल्यामुळे मुलांना बरोबर-चूक याची खरी ओढ असते. पावत्या शीटमध्ये भरून घ्या, रकमेची बेरीज करून घ्या, बिलाशी ताडून घ्या. मग विचारा: दिवसाची सरासरी फॅट किती?

समजा सकाळी ६ लिटर दूध गेलं, फॅट ३.२. संध्याकाळी २ लिटर, फॅट ४.४. मुलं ॲव्हरेजचं सूत्र लावतात आणि उत्तर येतं ३.८. सूत्र बरोबर, मशीन बरोबर, टायपिंग बरोबर. तरी उत्तर चूक. दोन्ही वेळचं दूध एकाच कॅनमध्ये ओतलं तर काय होईल, असं विचारा आणि थांबा. कुणीतरी म्हणेल की सकाळचं दूध जास्त आहे. मग फळ्यावर मांडा: ६ गुणिले ३.२ म्हणजे १९.२, २ गुणिले ४.४ म्हणजे ८.८, बेरीज २८, भागिले ८ लिटर. उत्तर ३.५. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्यामुळे ३.८ आणि ३.५ यातला फरक घरी नीट कळतो. शीटमध्ये हे समप्रॉडक्टने (दोन रकान्यांचे गुणाकार करून त्यांची बेरीज देणारं सूत्र) एका ओळीत होतं, पण ते नाव नंतर सांगा. आधी गुणाकाराचा एक जास्तीचा रकाना करून हाताने काढू द्या.

डेअरी नसलेल्या भागात दुसरं काहीतरी सापडतंच. पोषण आहाराचा हिशेब तर शाळेतच असतो. सहावी ते आठवीला माणशी १५० ग्रॅम धान्य, म्हणजे ४८ मुलं हजर असतील तर ७.२ किलो. हजाराने भागायला विसरलेल्या गटाच्या शीटवर ७,२०० किलो येतं. 'एवढा तांदूळ आपल्या स्वयंपाकघरात मावेल का?' एवढंच विचारा. उत्तर डोळ्याखालून घालताना आकार मनात असावा लागतो, हे या एका प्रश्नाने पोचतं. विज्ञानाच्या प्रयोगांची निरीक्षणं, पर्जन्यमापकाच्या नोंदी यांचे आलेखही याच ओघात घ्या. वर्ड आणि पॉवरपॉइंट वेगळे शिकवायची गरज नाही. या हिशेबाचा एक पानी अहवाल लिहायचा आणि वर्गापुढे मांडायचा म्हटलं की दोन्ही येतात.

मराठी टायपिंगला प्रत्येक तासिकेची पहिली पाच मिनिटं द्या, पण इन्स्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीवर. फोनवर रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय मुलांना असते, तिला विरोध करू नका, नुसती बाजूला ठेवा. इन्स्क्रिप्ट विंडोज आणि लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) दोन्हींत आधीपासून असतो, वेगळं काही घ्यावं लागत नाही. स्वर आणि त्यांची चिन्हं मुख्यतः डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, अशी त्याची रचना आहे. पुढे मराठी टायपिंग लागणाऱ्या कामांत उपयोग होईलच. माझा हेतू मात्र वेगळा आहे, तो पुढे पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या भागात येतो.

आठवीच्या दुसऱ्या सत्रात स्क्रॅच घ्या. एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये आणलेली ही ठोकळे जोडायची भाषा फुकट आहे, आणि विंडोजवर इंटरनेटशिवाय चालते. मांजर नाचवण्यात तीन तासिका घालवू नका. पेनचं एक्स्टेन्शन (पडद्यावर रेघ काढू देणारे जादा ठोकळे) जोडा आणि सरळ भूमितीत या. चौरस सगळ्यांना येतो, कारण ९० अंश दोन्हीकडून ९०च. सुसम पंचकोन काढा म्हटलं की गणिताच्या पुस्तकातला १०८ अंशांचा कोन घालून मुलं वळवतात आणि आकृती जुळत नाही. वळायचं असतं ते बाह्यकोनातून, ७२ अंशांतून. हे सांगू नका. एखाद्याला पटांगणात चालायला लावा आणि कोपऱ्यावर तो किती वळतो ते सगळ्यांना बघू द्या. आणि ज्याने १०८ घातले त्याला तसेच ठेवून दहा वेळा फिरवायला सांगा. दहा टोकांची सुरेख चांदणी तयार होते. ती का होते, हा प्रश्न हुशार मुलांना आठवडाभर पुरतो.

नववीला पायथन. एडिटर म्हणून थॉनी घ्या. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात तो तयार झाला, सोबत पायथन घेऊनच येतो आणि प्रोग्रॅम एकेक पायरीने चालवून दाखवतो. कुठल्या पायरीला कुठल्या नावात काय साठलं आहे हे शेजारी दिसतं, त्यामुळे फळ्यावरची तुमची बरीच मेहनत वाचते. पायथनमध्ये नावं देवनागरीत ठेवता येतात, 'बेरीज' किंवा 'लिटर' असं थेट लिहिता येतं. गंमत म्हणजे प्रोग्रॅमने विचारलेल्या प्रश्नाला वापरणाऱ्याने देवनागरी आकड्यांत १२ असं उत्तर दिलं, तर int() लावलं की पायथन त्याची बिनबोभाट संख्या करून घेतं. तेच आकडे प्रोग्रॅमच्या ओळीत लिहिले तर मात्र चूक दाखवतं. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलांना सुरुवातीला याने खूप धीर येतो.

नववीत मी जो पाठ कधीच गाळणार नाही तो सविस्तर सांगतो. उलटसुलट कसंही वाचलं तरी तेच राहणारे शब्द ओळखणारा प्रोग्रॅम लिहायचा. शब्द घ्यायचा, उलटा करायचा, दोन्ही सारखे आहेत का बघायचं. चार ओळींचं काम. मुलं कडक, सरस, नमन घालतात, उत्तर 'होय' येतं, वर्ग खूश होतो. मग तुम्ही 'नवीन' घालायला सांगा. न, वी, न. कुणीही सांगेल की उलटं वाचलं तरी नवीनच. मशीन म्हणतं 'नाही'.

इथे घाई करू नका. मुलं आधी टायपिंग तपासतील, मग प्रोग्रॅम पुन्हा लिहितील, मग मशीन बिघडलं म्हणतील. थोड्या वेळाने उलटा केलेला शब्द छापून बघायला सांगा. पडद्यावर येतं 'नीवन'. वेलांटी उडी मारून पहिल्या न वर जाऊन बसली आहे. आता शब्दाची लांबी विचारा: चार. आपण तीन अक्षरं मोजतो, ते चार मोजतं. एकेक तुकडा वेगळ्या ओळीवर छापा: न, मग व, मग सुटी दीर्घ वेलांटी, मग न. आणि इथे इन्स्क्रिप्ट कामाला येतो. 'नवीन' लिहायला तुम्ही कळा किती दाबल्या, असं विचारा. चारच. बोटांना जे माहीत होतं ते डोळ्यांपुढे येतं: युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीसाठी १२८ जागांचा पट्टा आहे, त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त या प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक आहे, आणि मशीन ते क्रमांक उलटे लावतं. 'क्षमा' हा दोन अक्षरी शब्द त्याच्या लेखी पाच तुकड्यांचा.

मग दुरुस्ती. पुढचा तुकडा चिन्ह असेल तर ते आधीच्या अक्षराला जोडून घ्यायचं, हलन्त आला तर त्याच्या पुढचं व्यंजनही त्याच गटात घ्यायचं. याला दोन-तीन तासिका लागतील, लागू द्या. 'रामाला भाला मारा' आणि 'ती होडी जाडी होती' मधल्या मोकळ्या जागा काढल्या की दोन्ही पास होतात. शेवटी सगळ्यांच्या तोंडी असलेलं 'चिमा काय कामाची' घाला. दुरुस्त केलेला प्रोग्रॅमही 'नाही' म्हणतो. यावेळी मशीन बरोबर आहे, कारण पहिली चि ऱ्हस्व आणि शेवटची ची दीर्घ. मशीन चूक असं म्हणायला सरसावलेल्या वर्गाला पुन्हा एकदा नीट बघावं लागतं. व्याकरणाचे शिक्षक शाळेत असतील तर त्यांना या तासाला अवश्य बोलवा.

एआयबद्दल. सीबीएसईने २०१९-२० पासून नववीला एआय हा कौशल्य विषय आणला, तेव्हापासून आपल्याकडचे पालकही विचारू लागले, आणि आता तर मुलं निबंध, प्रकल्प चॅटबॉटकडून लिहून घेतात. वर्गात हे टाळू नका. मुलांची खाती मात्र काढू नका. या सेवांना वयाच्या अटी असतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. तुमच्या स्वतःच्या खात्यावरून प्रोजेक्टरवर दाखवा. चॅटबॉटला दहा मराठी उलटसुलट शब्द मागा आणि ते मुलांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये घाला. जे नापास होतात त्यांच्यावर चर्चा करा. ही यंत्रं शब्द अक्षरांनी वाचत नाहीत, स्वतःच्या ठरलेल्या तुकड्यांनी वाचतात, आणि ठामपणे बोलणं व खरं असणं यांचा त्यांच्या बाबतीत संबंध नाही. हे भाषणातून पटणार नाही, स्वतःच्या प्रोग्रॅमने पकडलं की पटतं. तसंच गावाची माहिती विचारा, उत्तर छापून द्या, आणि घरातल्या थोरल्यांना विचारून प्रत्येक वाक्यापुढे बरोबर, चूक, माहीत नाही असं लिहून आणायला सांगा.

वेबकॅम असेल तर गूगलचं टीचेबल मशीन एक तासिका घ्या. खातं लागत नाही, ब्राउझरमध्ये चालतं. आंब्याची पानं निळ्या बाकावर धरून आणि फणसाची पांढऱ्या भिंतीपुढे धरून फोटो काढू द्या. मग फणसाचं पान निळ्या बाकावर धरा. बऱ्याचदा ते छातीठोकपणे आंबा सांगतं. पानाऐवजी ते मागचा रंग शिकलं आहे, हे मुलांनाच शोधू द्या.

सुरक्षिततेचा एक भाग कोणत्याही परिस्थितीत गाळू नका, कारण नववीतली मुलं घरचे व्यवहार फोनवरून करतात. आई-वडिलांच्या वतीने यूपीआय तेच चालवतात, फॉर्म तेच भरतात. तीन गोष्टी वहीत लिहून घरी वाचून दाखवायला सांगा: पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, फसवणूक झाल्याचं कळताच १९३० वर फोन करायचा, जितका लवकर तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त. आणि एक बोलणं मुला-मुलींशी नीट, दार लावून करा: कुणी फोटोत फेरफार करून धमकावत असेल तर ती मुलाची चूक नाही, काहीही पुसून टाकायचं नाही, विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेली असू द्या.

मशीनच्या देखभालीबद्दल थोडंसं. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये कक्ष उघडाल तेव्हा काही संगणकांवर 'इंटरनेट चालत नाही' अशी तक्रार येईल. आधी कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा चपटा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रं त्या तारखेला ग्राह्य ठरत नाहीत, म्हणून ब्राउझर पानच उघडत नाही. सेल किरकोळ किमतीचा असतो. तो मुलांकडूनच बदलून घ्या, वीज पूर्ण बंद करून. संगणक सुरूच होत नसेल आणि नुसता बीप देत असेल तर रॅम काढून तिची सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसून परत बसवा. दुरुस्तीवाल्याची फेरी अनेकदा वाचते.

विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि तुमच्या जुन्या मशीनवर ११ बहुधा बसणार नाही. तिथे लिनक्स मिंट घाला. वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रऑफिस, थॉनी, तारामंडळासाठी स्टेलॅरियम, भूमितीसाठी जिओजिब्रा सगळं फुकट चालतं. स्क्रॅच ब्राउझरमधून किंवा टर्बोवार्प या स्क्रॅचचेच प्रकल्प चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून चालवा. 'शाळेत विंडोजच हवं' असं कुणी म्हटलं तर केरळकडे बोट दाखवा. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये आयटी विषय वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवरच शिकवला जातो, आणि २०१८ पासून 'लिटल काइट्स' क्लबांतली मुलं कक्ष सांभाळायला हातभार लावतात. तुम्हीही नववीतली चार-सहा मुलं-मुली कक्षाच्या जबाबदारीला नेमा. तुमच्या स्वतःच्या तयारीसाठी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा, लिनक्स आणि लिब्रऑफिसचे पाठ मराठी आवाजात आहेत.

आता मुख्याध्यापक आणि पालक. प्रमाणपत्र हवंच असेल तर एमएस-सीआयटी आहे, २००१ पासून चालू आहे, नोकरीच्या अर्जात चालतं, दहावीच्या सुट्टीत होऊन जातं. त्यासाठी शाळेच्या तासिका खर्चू नका. हजारो रुपये घेणाऱ्या कोडिंग क्लासबद्दल पालकांनी विचारलं तर त्यांना सांगा की क्लासवाल्यांना एकच विचारा: माझ्या मुलाने स्वतः लिहिलेला आणि स्वतः दुरुस्त केलेला प्रोग्रॅम दाखवाल का? अकरावीला ज्यांना पुढे जायचं आहे त्यांच्यासाठी माहिती तंत्रज्ञान हा विषय आहे, त्यात वेब पानं, डेटाबेस, जावास्क्रिप्ट येतं. विज्ञान शाखेत काही महाविद्यालयांत २०० गुणांचा बायफोकल (व्यवसायाभिमुख) संगणकशास्त्राचा पर्याय असतो. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी जवळपासच्या कुठल्या महाविद्यालयात काय आहे याची चौकशी दहावीच्या मुलांनाच करायला लावा.

परीक्षेला 'संगणकाचे जनक कोण' विचारू नका. एक शीट द्या, तिच्यात तीन चुका पेरा: एक सूत्रातली, एक एककाची, एक टायपिंगची. वीस मिनिटांत शोधायच्या आणि प्रत्येक चूक कशावरून लक्षात आली ते एका वाक्यात लिहायचं. गुण त्या वाक्याला द्या. पहिल्या चाचणीनंतर मुलांची ती वाक्यं मुख्याध्यापकांना वाचायला द्या, पुढच्या सत्रात आठवड्याला दुसरी तासिका मागायला तुम्हाला तीच उपयोगी पडतील.